मिन्दाची मागची खोली

बारास, कातान्दुआनेस
२ सप्टेंबर

प्रिय कुमारे मिन्दा,

बिस्किटांचा मोठा डबा बोटीने पाठवलाय. आत बिस्किटं नाहीत, त्यामुळे हावरटासारखी उघडू नकोस. पाककृतींची पुस्तकं आहेत. सासूबाईंचं स्पॅनिश पुस्तक, शाळेतल्या गृहविज्ञानाच्या बाईंनी दिलेलं जाडजूड, आणि आपल्या चर्चच्या बायकांनी छापलेलं ते पातळ, ज्यात तुझ्या आईच्या नावावर माझी भाजी छापली गेली होती. सगळी तुला. मला आता नकोत. इतकी वर्षं बाजारात खानावळ चालवल्यावर पुस्तकात बघून काय शिजवायचं?

दुसरी बातमी. नाताळची खरेदी मी सुरू केली. हस. सप्टेंबर लागला, नावात 'बर' आलं की आपल्याकडे नाताळ लागलाच, रेडिओवर कालपासून गाणीसुद्धा सुरू झाली. पण खरं सांगायचं तर मी जुलैपासूनच घेतेय. तुझ्या आर्नुल्फोला शर्टाचं कापड, त्याच्या बायकोला कानातलं, तुझ्या नातींना छत्र्या, लाल आणि पिवळी. विराकच्या दुकानदार बाईने विचारलं, "काय गं साल्विंग, यंदा येशू लवकर जन्मतोय का?"

मागच्या आठवड्यात एक वादळ येऊन गेलं. फार काही नाही, धोक्याचा सिग्नल दोनच. छपराचा एक पत्रा शेजारच्या डुकरांच्या गोठ्यावर जाऊन बसला, शेजारी म्हणतो आता तो त्याचा. पण मिन्दा, हल्ली वारा सुटला की माझ्या हाताला घाम येतो. पूर्वी नव्हतं असं. पूर्वी मी वादळात बसून लसूण सोलायचे.

तुमच्या दावावला वादळं फिरकत नाहीत, भाग्यवान आहात. तुझी ती मागची खोली, पेरूच्या झाडाकडे खिडकी असलेली, अजून रिकामीच असते का गं? सहज विचारलं.

माझ्या मारिकोरचं रियाधहून पत्र आलं. हॉस्पिटलात नाइट ड्युटी आहे म्हणते. तुला, तिच्या धर्ममातेला, नमस्कार सांगितलाय; तिच्यामुळेच तर आपण कुमारे झालो.

तुझी
साल्विंग

•

तोरिल, दावाव
२० सप्टेंबर

प्रिय साल्विंग,

डबा मिळाला. पोस्टमनने दारात ठेवला तेव्हा तो म्हणाला, "आजी, यात विटा आहेत का?" मला आजी म्हणाला! तो गेल्यावर मी आधी आरशात पाहिलं आणि मग डबा उघडला.

काय काय पाठवलंस गं. पानापानाला नारळाच्या दुधाचे डाग. लगेच कामाला लागले. रविवारी चर्चच्या पुस्तकातलं बघून नारळाच्या दुधातले खेकडे केले, हिरव्या मिरच्या घालून, अगदी तिथे लिहिल्याप्रमाणे. आर्नुल्फोने बोटं चाटली. सूनबाई ग्लेन्डा तर म्हणाली, "मम्मी, तुम्ही आहात म्हणून या घराला चव आहे." मोठ्या व्हरांड्यात टेबल लावलं होतं, सगळे शेजारी आले. असं घर असल्यावर माणसं यायचीच.

मागची खोली? अगं, तिथे गोरिओच्या वस्तू आहेत. तो मला विधवा करून गेल्यापासून मी हलवलंच नाही काही. पाय ठेवायला जागा नाही.

पण मला तुझीच काळजी वाटतेय. जुलैत नाताळची खरेदी, पुस्तकं वाटून टाकणं, हाताला घाम. आमच्या गल्लीतल्या प्युरिताबाईने, सगळे दोन्या म्हणायचे तिला, असंच केलं होतं. सगळ्यांना ताटल्या वाटल्या, आणि महिनाभरात आम्ही तिच्या अंत्ययात्रेत. तू डॉक्टरकडे गेलीस का? माझ्यापासून लपवू नकोस. छातीत दुखतं का? खरं सांग.

वादळांचं म्हणशील तर मला इथे करमतच नाही त्यांच्याशिवाय. आभाळ नुसतं कोरडं बसून असतं. चार दिवस शाळा बंद, सगळे एका खोलीत, भाताची पेज आणि सुकी मासळी, आठवतं? आणि सगळ्या वादळांना आपल्यासारखी नावं. यंदाही बायकांचीच आहेत ना, सगळी 'इंग'वाली?

लगेच लिही.

तुझी
मिन्दा

•

बारास
५ ऑक्टोबर

प्रिय मिन्दा,

मी मरत नाहीये. डॉक्टरकडे जायला मला वेळ नाही, आणि त्यालाही नाही. तो इथे दोन आठवड्यांतून एकदा येतो आणि त्याच दिवशी माझ्याकडे जेवून परत जातो. रक्तदाब माझा त्याच्यापेक्षा बरा आहे.

आता तू खरं सांग. चर्चच्या पुस्तकातले खेकडे केलेस म्हणतेस, अगदी तिथे लिहिल्याप्रमाणे. मिन्दा, त्या पुस्तकात खेकड्यांचं पानच नाही. ते मी कधीच फाडून कोराला दिलं, माझ्याकडे भाजी चिरते ती. तिने ते चुलीमागच्या भिंतीला चिकटवलंय आणि आता धुराने काळं होऊन वाचताही येत नाही. मग तू बघितलंस कशात? आणि हिरव्या मिरच्या? त्या पाककृतीत मिरच्याच नव्हत्या, आपल्या बायकांची तीच तर चूक होती!

पुस्तक उघडलंसुद्धा नाहीस. ठीक आहे, वेळ नसेल. पण मग शेजाऱ्यांना व्हरांड्यात बोलावून खोटे खेकडे कशाला खाऊ घालतेस? आणि ग्लेन्डा 'मम्मी तुम्ही आहात म्हणून' वगैरे म्हणाली? मागच्या नाताळच्या फोटोत ती तुझ्याकडे पाठ करून उभी होती.

काय चाललंय तिकडे?

आमच्याकडे पंधरवड्यात दोन वादळं. दुसऱ्याने मासळी बाजाराची भिंत पाडली. सगळे म्हणतात, "साल्विंग, तुझ्या मानाने हे काहीच नाही," म्हणजे मी किती वादळं पाहिलीत म्हणून. पण मला मोजायची नाहीत आता. मिन्दा, माझा डोमिनादोर जिवंत होता तेव्हा छप्पर उडू नये म्हणून तो वरून दोर टाकायचा आणि मी खालून ओढायचे. आता मी दोर टाकते आणि कोरा ओढते, आणि ती इतकी हसते की दोर सैल पडतो.

दुसरा डबा पाठवतेय. यात भेटवस्तू आहेत. तुझ्या चर्चच्या पाद्र्यांसाठी रुमाल, तुझ्या शेजारणीसाठी अबाकाच्या धाग्याची पिशवी, नातींच्या छत्र्या, ग्लेन्डाचं कानातलं. मोडण्याआधी पोचू देत. आत्ता वाटू नकोस, कपाटात ठेव. डिसेंबरात बघू.

तुझी
साल्विंग

•

तोरिल, दावाव
२१ ऑक्टोबर

साल्विंग,

डबा आला. मला राग आलाय म्हणून 'प्रिय' लिहीत नाही.

खेकड्यांवरून मला पकडलंस, शाब्बास. आता मी तुला पकडते. डबा भरून भेटी पाठवल्यास. माझा मुलगा, माझी सून, माझ्या नाती, माझे पाद्री, माझी शेजारीण. तुझ्या बारासमधल्या एका तरी माणसाला काही घेतलंस? कोराला? तुझ्या फादरना? नाही. मागची खोली रिकामी आहे का, हात घामेजतो, डिसेंबरात बघू. तुला इथे यायचंय. कायमचं. सरळ का नाही म्हणालीस? पुस्तकं आधी पाठवायची, भेटी आधी पाठवायच्या, आणि मग म्हणायचं सामान तर पोचलंय, आता मी पण आले. मला लहान मूल समजतेस?

येऊ नकोस, साल्विंग. इथे जागा नाही.

घर विकलं. गोरिओ गेल्यावर वर्षभरातच. आर्नुल्फो म्हणाला, एवढ्या मोठ्या घरात तू एकटी काय करणार. मला वाटलं तो बरोबरच बोलतोय. तुझी पत्रं वळवायला पोस्टात सांगून ठेवलं होतं. आता मी त्यांच्याकडे राहते, नातींच्या खोलीत, वरच्या पलंगावर. होय, शिडीने चढते. पेरूचं झाड नाही, व्हरांडा नाही. स्वयंपाकघर ग्लेन्डाचं आहे. ती वाईट नाही गं, हे लिहून ठेवते. पण परवा मी भात बघायला झाकण उघडलं तर तिने येऊन माझ्या हातातून झाकण घेतलं आणि परत ठेवलं. हळूच. एक शब्द नाही. ओरडली असती तर मी उलट बोलले असते.

तुझी पुस्तकं मी पलंगाच्या पायाशी ठेवलीत. दुपारी घर रिकामं असतं तेव्हा काढून वाचते. शिजवायला नाही. नुसती वाचते. म्हणून तुला खेकडे सांगितले, बाकी काय सांगणार होते?

आणि एक सांगते. तू इकडे यायला बघतेस आणि मी रोज त्या शिडीवर बसून विचार करते की बारासला परत जाऊ. समुद्राचा वास नाही इथे, आहे तो डुरियानच्या फळांचा. पण तू तर गाव सोडायला निघालीस, मग मी कुणाकडे यायचं?

मिन्दा

•

बारास
३० ऑक्टोबर

मिन्दा,

तुझं पत्र आज सकाळी आलं आणि मी ते गिऱ्हाइकांसमोर वाचलं, ही माझी चूक. भात करपला. कोरा म्हणाली, "कोण गेलं?" मी म्हटलं, "कुणी नाही, एक घर गेलं."

होय, यायचं होतं मला. सरळ विचारायची लाज वाटली. आपल्या वयात कुणाच्या दारात उभं राहून 'मला ठेवून घेतेस का' असं विचारायचं का? मला वाटलं तूच म्हणशील. दर पत्र उघडताना वाटायचं, यात असेल. तू घराबद्दल एवढं लिहायचीस, मला वाटायचं एवढ्या मोठ्या घरात ही मला बोलावत का नाही? तुला मी नको झालेय असं वाटायला लागलं होतं. घरच नव्हतं, हे नाही सुचलं मला.

तू इथे यायचं म्हणतेस. ये, आणि काय करशील? वादळात चार दिवस एका खोलीत, पेज आणि सुकी मासळी, ते तुला आठवतं कारण तेव्हा छपरावर तुझे वडील चढायचे. आपण लहान होतो. भिजायचं काम आपलं नव्हतं.

पुरे. जास्त लिहीत नाही. रेडिओ म्हणतोय नवीन वादळ येतंय, बेलिंग नावाचं. आत्ताच सिग्नल दोन झालाय, आणि समुद्र तेलासारखा सपाट आहे. हे मला कधीच आवडलेलं नाही. मेलेल्यांच्या सणाला स्मशानात मेणबत्त्या लावायच्या होत्या डोमिनादोरच्या, त्या आजच लावून येते. पोस्टाची पिशवी शेवटच्या बोटीने जाणार, म्हणून हे देऊन टाकते.

तू रागावलीस तरी चालेल. पण शिडी उतरताना शिडीकडे तोंड करून उतर. पुढे तोंड करून उतरलीस तर पडशील.

साल्विंग

•

तोरिल, दावाव
६ नोव्हेंबर

साल्विंग, अगं साल्विंग,

तीन तारा केल्या. तार ऑफिसातला माणूस म्हणतो, कातान्दुआनेसच्या तारा जमिनीवर आहेत, त्यातून काय जाणार? रेडिओवर रोज नावं सांगतात. विराक, बातो, बारास. बारास म्हणतात आणि लगेच पुढचं गाव घेतात. बारासचं काय, ते नाही सांगत.

तुझं शिडीचं पत्र काल आलं. वादळाच्या आधी लिहिलेलं. ते वाचताना मला एवढंच कळत होतं की हे लिहिलं तेव्हा तू होतीस.

आर्नुल्फोला म्हटलं, मी जाते. तो म्हणाला, "मम्मी, तिकडे बोटीच बंद आहेत, जाऊन काय करणार?" मी म्हटलं, "बोटी सुरू होतील तेव्हा मी जवळ असेन." तो म्हणाला, "तुमचं वय बघा." तेव्हा ग्लेन्डा स्वयंपाकघरातून बाहेर आली. मला वाटलं आता हीही सुरू होणार. तर ती म्हणाली, "जाऊ दे त्यांना. त्या इथे दिवसभर शिडीवर बसतात, तुला दिसत नाही का?" आणि आत गेली. साल्विंग, तिला दिसत होतं. इतके दिवस तिला दिसत होतं.

हे पत्र कुठे टाकायचं तेही माहीत नाही. सोबतच घेऊन येते.

मिन्दा

•

ताबाको बंदर
१५ नोव्हेंबर

साल्विंग,

जहाजाने मनिला, तिथून बसने इथे. पाय सुजून भोपळे झालेत. तीन दिवस धक्क्यावर येऊन बसते. पलीकडे तुझं बेट दिसतं, आणि बोट नाही. मदतीचा तांदूळ नेणाऱ्या बोटी जातात, पण माणसं घेत नाहीत. एका बोटवाल्याला गाठलं, सिप्रियानो नाव. त्याला म्हटलं, "बारासच्या बाजारातली साल्विंग, खानावळवाली." तो म्हणाला, "जाडी, मोठ्याने बोलणारी?" मी म्हटलं, "आहे का?" तर म्हणतो, "गेल्या खेपेला मला शिव्या दिल्या, पोती ओली आणलीस म्हणून."

साल्विंग, मी तिथेच धक्क्यावर दोरांच्या ढिगावर बसले आणि रडले. तो बिचारा घाबरला, त्याला वाटलं त्याचंच काही चुकलं.

त्याच्याकडे हे देते, दावावचं जुनं पत्रही आत आहे. पुढच्या आठवड्यात माणसांची बोट सुरू होईल म्हणतात. पहिल्याच बोटीने येते. छप्पर असो नसो. दोर ओढायला तुला माणूस पाहिजे ना, मी ओढेन. हसणार नाही.

तुला काय आणू?

मिन्दा

•

बारास
१७ नोव्हेंबर

प्रिय मिन्दा,

सिप्रियानोने पाकीट दिलं आणि म्हणाला, "तिकडे एक बाई तुमच्यासाठी रडत होती, बघवत नव्हतं." तूच असणार.

काय झालं ते सांगते. बेलिंग दुपारी आलं. आम्ही सगळे चर्चमध्ये. आधी पश्चिमेकडून वारा, मग एकदम शांत, माणसं बाहेर जाऊन छपरं बघायला लागली, आणि मी दारात उभी राहून ओरडत होते, "आत या मूर्खांनो, अजून अर्धं बाकी आहे!" मग समुद्राकडून सुरू झालं. चर्चचं पुढचं छप्पर गेलं. कोरा माझ्या मांडीत डोकं घालून होती, हसत नव्हती. माझ्या हाताला घाम नव्हता, मिन्दा. मी नुसती बघत होते आणि मनात म्हणत होते, हे शेवटचं. हे माझं शेवटचं.

खानावळ उभी आहे. छप्पर नाही, पण चूल आहे. तेव्हापासून रोज पेज शिजवतेय, ओल्या लाकडांवर, जो येईल त्याला. आपल्या आळीतला म्हातारा तेओफिलो गेला, माड पडून. बाकी माणसं आहेत. माड मात्र डोकं नसलेले उभे आहेत, अबाकाची झाडं सगळी आडवी.

काल फादर आले, पेज घेतली आणि म्हणाले, "बघ साल्विंग, देवाने तुला का वाचवलं. गावाला तुझी गरज आहे." सगळे ऐकत होते. मलाही क्षणभर वाटलं, हो म्हणावं. मग मी म्हटलं, "फादर, गावाला भात पाहिजे. तो कोराही शिजवते." कोराच्या हातातून झारा पडला. फादरनी उरलेली पेज पिऊन टाकली. कोराला मी त्याच दिवशी दाखवलं, कुठे काय ठेवते, कुठला मासेवाला शिळं देतो, कुणाला उधार नाही म्हणायचं. ती रडली आणि मग लगेच म्हणाली, "चुलीची जागा बदलू का?" म्हणजे ती चालवेल.

तर तू येऊ नकोस. दोर ओढायला येऊ नकोस, पुलासारखी या दोन गावांमध्ये लोंबकळायला येऊ नकोस. तुझ्या दावावला जागा नाही, माझ्या बारासला मी नाही. तू आहेस तिथेच थांब. मी येतेय. माणसांच्या पहिल्या बोटीने. ताबाकोला काय करायचं ते मला माहीत नाही. वादळं तिथेही येतात. पण बंदर आहे, भुकेली माणसं उतरतात, एवढं मी बघितलंय.

काही आणायचं नाही. सामान थोडंच आहे. फक्त तू धक्क्यावरून हलू नकोस, नाहीतर आपण एकमेकींना शोधत फिरू आणि सिप्रियानोला हसायला आणखी एक गोष्ट मिळेल.

तुझी
साल्विंग

•

ताबाको
१९ नोव्हेंबर

प्रिय साल्विंग,

हलत नाही. पण दुपारभर जाऊन एक काम केलं, ते ऐक आणि बोटीतच रागावून घे, म्हणजे उतरेपर्यंत शांत होशील.

धक्क्याच्या मागे दोरांचं दुकान आहे. त्याच्या मागे दोन खोल्या, भाड्याने द्यायच्या. वादळाने छप्पर अर्धं नेलं होतं, मालकिणीने कालच नवे पत्रे ठोकले, अर्धं चकचकीत, अर्धं गंजलेलं. चूल आहे. तिच्यावर झाकण असलेलं एक पातेलं होतं, मी ते उघडलं, बघितलं, परत ठेवलं. कुणी हातातून घेतलं नाही.

मालकीण जाडजूड बाई आहे, दोन्या उर्सुला. विचारते, "किती जणी?"

म्हटलं, "दोघी."

"बहिणी?"

"नाही. तिच्या मुलीची मी धर्ममाता."

"किती दिवसांसाठी?"

मी काय सांगणार? आर्नुल्फोला वाटतंय मी नाताळला परत येईन. मारिकोरला अजून काहीच माहीत नाही. आणि मी तर बारासला यायला निघाले होते, तुझ्या पत्राने मला अर्ध्या वाटेत धरलं. मला राग आलाय, साल्विंग, हे पण सांगून ठेवते. समुद्र मला पलीकडचा हवा होता.

मी तिला म्हटलं, "दुसरी येऊ दे. भांडून ठरवू."

तुझी
मिन्दा